कमोडमधली पिवळट रेघ दर पंधरा दिवसांनी परत येते? आधी पाणी बघा, मग घासा

आमच्या कॉमन बाथरूमच्या कमोडमध्ये मागच्या बाजूला, म्हणजे फ्लशचं पाणी जिथून उतरतं तिथे, बोटभर रुंदीची एक पिवळट तपकिरी रेघ होती. दोन वर्षं होती. रविवारी घासलं की सोमवारी पांढरंशुभ्र, आणि पंधरा दिवसांत रेघ पुन्हा हजर, त्याच जागी, त्याच जाडीची. पाहुणे येणार म्हटलं की मी पहिल्यांदा बाथरूममध्ये पळायचे. टॉयलेट क्लीनर झालं, ब्लीच झालं, खायचा सोडा आणि व्हिनेगर झालं, कोणीतरी सांगितलं म्हणून कोल्ड्रिंक ओतून रात्रभर ठेवलं, आणि शेवटी एक दिवस वैतागून तारेची घासणी घेतली. तिने डाग गेला खरा, पण त्यानंतर रेघ पंधरा दिवसांऐवजी आठ दिवसांत यायला लागली. ते का, हे खाली सांगते.

खरं कारण कळलं ते जेट स्प्रे बदलायला आलेल्या प्लंबरदादांमुळे. त्यांनी ती रेघ बघितली आणि म्हणाले, "ताई, टिश्यू पेपर आहे का?" कमोडची मागची भिंत जुन्या फडक्याने कोरडी पुसली, त्यावर टिश्यूचा एक पदर चिकटवला आणि म्हणाले, आता दहा मिनिटं कोणी फ्लश करू नका. आम्ही दोघं बघत उभे. दोन-तीन मिनिटांतच टिश्यूवर वरून खाली एक ओली रेघ उमटली, अगदी बरोब्बर डागाच्या जागी. पाण्याचा आवाज नाही, धार दिसत नाही, पण फ्लश टँकमधून चोवीस तास पाणी पाझरत होतं. आतला रबरी वॉशर कडक होऊन एका बाजूने वाकला होता, बस. वॉशर बदलला, आणि मग एकदाच जी साफसफाई केली ती आजतागायत टिकली आहे.

म्हणून ज्यांचा डाग परत परत येतो त्यांना माझं पहिलं सांगणं हेच आहे की कुठलं क्लीनर चांगलं हे नंतर बघू, आधी डागाचा आकार बघा. उभी रेघ असेल तर वरून पाणी पाझरतंय. पाण्याच्या पातळीवर गोल कडं असेल तर पाणी साचून राहतंय आणि क्षार जमतायत. बेसिनमध्ये नळाच्या बरोबर खाली थेंबाच्या आकाराचा डाग असेल तर नळ गळतोय, भले तासाला चारच थेंब पडत असतील. रिमच्या खालून बऱ्याच बारीक रेघा उतरल्या असतील तर रिमखालची भोकं क्षाराने बुजत आलीत.

फ्लश टँकची गळती बघायला आणखी एक सोपी युक्ती आहे. टँकचं झाकण उघडून आत जिलेबीचा किंवा केकचा खायचा रंग चमचाभर टाका, अर्धा तास फ्लश करू नका, मग कमोडमध्ये बघा. रंग खाली उतरला असेल तर वॉशर गेलाय. आणि टँकमधलं पाणी मधल्या उभ्या नळीच्या तोंडापर्यंत चढून आत सांडत असेल तर वॉशर नाही, पाणी भरणारा व्हॉल्व्ह खराब आहे, त्याचा फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा भाग, खाली करून बघा नाहीतर बदला. भिंतीच्या आतला टँक असेल तर बटणाची प्लेट काढावी लागते, ते प्लंबरकडूनच करून घ्या.

आता एवढ्याशा पाझरण्याने एवढा डाग कसा पडतो? मी हिशोब करून बघितला. आमच्या सोसायटीत बोअर आणि टँकर मिळून पाणी येतं, तपासलं तेव्हा हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आसपास निघाला. पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे, आयएस १०५००, त्यात हार्डनेसची मर्यादा २०० आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आता तासाला एक लिटर जरी पाझरलं तर दिवसाला चोवीस लिटर, म्हणजे रोज १२ ग्रॅम क्षार त्या एका रेघेवरून वाहून जातात. त्यातला बराचसा खाली जातो हो, पण कडेला पाणी सुकतं तिथे थोडा थोडा चिकटतो, आणि पहिला थर खरखरीत झाला की दुसरा थर त्याला धरून बसतो. मग त्यात मळ, लघवीतले क्षार, पाण्यातलं लोह असं सगळं अडकतं आणि पांढरा चुना पिवळा, तपकिरी दिसायला लागतो. आपण वरचा रंग घालवतो, खालचा थर तसाच राहतो, म्हणून पंधरा दिवसांत परत.

एक गैरसमज इथेच काढून टाकते. बरेच जण टीडीएस मीटर पाण्यात बुडवून पाणी हार्ड आहे की नाही ते ठरवतात. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून, साधं मीठ टाकलं तरी तो आकडा वाढतो. डाग पाडतात ते मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. घरच्या घरी बघायचं तर बाटलीत अर्धं पाणी घ्या, साध्या अंगाच्या साबणाचा चुरा टाका आणि जोरात हलवा. फेस व्हायच्या ऐवजी दह्यासारखा पांढरा साका तरंगला तर पाणी जड आहे. कपडे धुवायच्या पावडरीने हे करू नका, तिचा फेस जड पाण्यातही होतो. नीट आकडा हवा असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी असतात, तिथे पाणी तपासून घ्या, किंवा मत्स्यालयाच्या दुकानात थेंब मोजायचं हार्डनेस किट मिळतं ते आणा.

बरं, आता डाग ओळखायचा कसा. कमोड असो, बेसिन असो, हे सगळं चिनीमातीचं असतं आणि वरचा जो चकचकीत थर आहे तो एक प्रकारची काचच असते, साधारण १२०० अंशाच्या वर भाजून बसवलेली. काचेत डाग शिरत नाही, काचेवर बसतो. त्यामुळे ग्लोव्हज घालून डागावरून बोट फिरवा. खरखरीत आणि उंचवटा लागला तर थर आहे, तो विरघळवावा लागेल. गुळगुळीत लागला तर नुसता रंग आहे. आणि टॉर्च तिरका धरून बघितल्यावर तिथे चमकच नसेल, जागा मॅट दिसत असेल, तर काचेचा थर घासून गेलाय, तिथे कुठलंही औषध मारलं तरी डाग परत बसणारच. माझ्या तारेच्या घासणीने हेच केलं होतं. बारीक बारीक चरे पडले आणि प्रत्येक चऱ्यात क्षार जाऊन बसायला लागला.

खरखरीत थर असेल तर त्यावर लिंबूसत्वाच्या (सायट्रिक ॲसिडच्या) पाण्याचा थेंब टाका. बारीक बुडबुडे आले तर चुना आहे, आम्लाने नक्की जाणार. बुडबुडे येत नाहीत आणि रंग नारिंगी-तांबडा आहे तर गंज. हिरवट निळा असेल तर तांब्या-पितळेच्या फिटिंगमधून येतोय. काळपट, बुळबुळीत आणि बोटाने निघतोय तर बुरशी किंवा शेवाळ. गुलाबी थर, जो बेसिनच्या जाळीभोवती आणि शॉवरच्या कोपऱ्यात दिसतो, तो क्षाराचा नसतोच, तो जिवाणूंचा असतो, सेराशिया नावाचे जिवाणू साबणाच्या ओलसर थरावर वाढतात. त्याला आम्ल लावून उपयोग नाही, साबणाने घासा, धुवा, पातळ ब्लीच लावून दहा मिनिटांनी धुवा आणि ती जागा कोरडी राहील असं बघा.

आता मुख्य काम, चुन्याचा थर. यासाठी मी आता फक्त लिंबूसत्व वापरते, म्हणजे किराणा दुकानात मिळतं ते सायट्रिक ॲसिड. १०० ग्रॅम लिंबूसत्व एक लिटर कोमट पाण्यात विरघळवा. उकळतं पाणी कमोडमध्ये किंवा बेसिनमध्ये कधी ओतू नका, थंड चिनीमातीला एकदम गरम लागलं तर तडा जातो.

आधी फ्लशचा अँगल कॉक, म्हणजे टँकला पाणी सोडणारा छोटा नळ, बंद करा आणि एकदा फ्लश करा, म्हणजे टँक रिकामा. मग ब्रशने खालचं पाणी जोरात आत ढकला, जेवढं जाईल तेवढं, उरलेलं जुन्या स्पंजने टिपून घ्या. ही पायरी बहुतेक सगळे गाळतात आणि मग म्हणतात की औषध काम करत नाही. कमोडमध्ये दीड-दोन लिटर पाणी तसंच असेल आणि त्यात तुम्ही क्लीनर ओतलं तर ते पातळ होऊन जातं, आणि पाण्याच्या पातळीवरचं जे कडं आहे ते तर पाण्यानेच झाकलेलं राहतं.

मग टिश्यू पेपर किंवा जुन्या सुती धोतराच्या, बनियनच्या पट्ट्या त्या लिंबूसत्वाच्या पाण्यात बुडवून डागावर चिकटवा. उभ्या भिंतीवर नुसतं पाणी ओतलं तर ते घसरून खाली जातं, पट्टी मात्र आम्ल डागाला धरून ठेवते. वरून प्लास्टिकची पिशवी दाबून लावा म्हणजे सुकणार नाही. झाकण बंद, एक्झॉस्ट चालू, आणि रात्रभर तसंच. घरात दुसरं बाथरूम नसेल तर सकाळी सगळे कामाला गेल्यावर लावा, तीन-चार तासांनीही बराच फरक पडतो.

सकाळी पट्ट्या काढल्या तेव्हा आमच्याकडे काय दिसलं ते सांगते. रेघ गेली नव्हती. पहिल्यांदा जीवच बसला. पण बोट लावलं तर ती दगडासारखी राहिली नव्हती, ओल्या खडूसारखी मऊ झाली होती, आणि जुनं एटीएम कार्ड आडवं धरून ढकललं तर तिच्या पापड्या निघाल्या, दोन मिलिमीटर जाडीच्या, आतून थर थर दिसत होते झाडाच्या खोडासारखे. खाली एकदम पांढरी चिनीमाती. जिथे थर जास्त जाड होता तिथे दुसऱ्या रात्री पुन्हा पट्ट्या लावल्या. तिसरी रात्र लागली नाही.

रिमच्या खालचा भाग विसरू नका. छोटा आरसा खाली धरून वर बघा, आमच्या कमोडची अर्धी भोकं बंद होती, त्यामुळे फ्लशचं पाणी एकाच बाजूने यायचं आणि दुसरी बाजू कायम घाण. टिश्यूची लांब वळी करून, लिंबूसत्वात भिजवून, रिमखाली गोल दाबून बसवायची, सकाळी जुन्या टूथब्रशने आणि भोकात लाकडी टूथपिक घालून साफ करायची. फ्लशचा जोर किती वाढतो ते बघा.

निळ्या-काळ्या बाटलीतल्या टॉयलेट क्लीनरबद्दल विचाराल तर ते वाईट नाही, त्यात बहुतेक वेळा साधारण १० टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि ते चुन्यावर लिंबूसत्वापेक्षा झटपट चालतं. पण ते कमोडच्या आतच वापरा. क्रोमचे नळ, जाळ्या, स्टीलचे स्क्रू त्याने काळे पडतात, आणि टाइल्सच्या मधलं सिमेंटचं ग्राउट ते खाऊन टाकतं. आणि एक फार महत्त्वाचं, बेसिन कडप्प्यावर बसवलेलं असेल किंवा मोरीला शाहाबादी फरशी असेल तर कुठलंच आम्ल तिथे सांडू देऊ नका, लिंबूसत्वसुद्धा नाही. कडप्पा, शाहाबादी, कोटा, संगमरवर हे सगळे चुनखडीचे दगड, आम्ल लागलं की पांढरट चट्टा पडतो आणि तो पॉलिश केल्याशिवाय जात नाही. आईच्या घरी कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाची फोड रात्रभर राहिली होती, तिचा गोल अजून दिसतो.

दारावर किंवा हार्डवेअरच्या दुकानात सुटं ॲसिड मिळतं ते तर घरात आणूच नका असं मी म्हणेन. १८ जुलै २०१३ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर दुकानदाराने नोंदवही ठेवायची, ओळखपत्र बघायचं, अठरा वर्षांखालच्यांना द्यायचं नाही असे नियम आहेत, आणि ते ज्या कारणाने करावे लागले ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. कमोडच्या रेघेसाठी एवढी जहाल वस्तू घरात ठेवायची काही गरज नाही.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकायचा उपाय सगळीकडे फिरतोय म्हणून त्याबद्दलही लिहिते. फसफस छान होते, काम चाललंय असं वाटतं. पण व्हिनेगर आम्ल, सोडा अल्कली, दोघं एकमेकांना संपवतात आणि खाली राहतं ते जवळजवळ खारट पाणी. चुन्याला आम्ल हवं असतं, ते तर तुम्ही सोड्यावर खर्च केलं. दोन्ही वापरायचे असतील तर वेगवेगळे वापरा, आधी व्हिनेगर ठेवून धुवा, मग हलकं घासायला सोडा. आणि व्हिनेगरमध्ये ॲसिड ४-५ टक्केच असतं, लिंबूसत्वाचं पाणी त्यापेक्षा स्वस्त, जास्त जोराचं आणि वासही नाही.

आता जे लिहिणार आहे ते कृपया घाईत वाचू नका. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी कमोडमध्ये टॉयलेट क्लीनर टाकून ठेवलं होतं, डाग जाईना म्हणून त्यावरच ब्लीच ओतलं. दार बंद, खिडकी छोटी. मी स्वयंपाकघरात होते, खोकल्याचा आवाज आला, आधी वाटलं ठसका लागला असेल, पण थांबेना. दार उघडलं तर पोहण्याच्या तलावासारखा पण दहापट उग्र वास, मावशी भिंतीला धरून उभ्या, डोळ्यांतून पाणी, श्वास घेता येत नव्हता. हाताला धरून त्यांना गॅलरीत आणलं, मग डॉक्टरांकडे नेलं. दोन दिवस त्यांची छाती दुखत होती. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू होतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जीवही घेऊ शकतो. चूक त्यांची नव्हती. बाटलीवर बारीक अक्षरात इंग्रजीत लिहिलेलं होतं आणि मी दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवून दिल्या होत्या, कधी एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

त्यामुळे नियम असा करा की एका दिवशी एकच. ॲसिड वापरलं त्या दिवशी ब्लीच नाही, मग ते लिंबूसत्व असो की व्हिनेगर. ब्लीचबरोबर अमोनियावालं काच पुसायचं लिक्विड पण नाही, आणि लघवी साचलेल्या कमोडमध्ये थेट ब्लीच ओतायचं नाही, आधी फ्लश करा. आणि घरात जो कोणी बाथरूम साफ करतो त्याला हे स्वतः तोंडाने सांगा, ग्लोव्हज आणून द्या, बाटल्या वेगळ्या कपाटात ठेवा. चुकून मिसळलंच तर पुसत बसू नका, तिथून बाहेर या, मोकळ्या हवेत जा, आणि श्वास लागत असेल तर १०८ ला फोन करा.

गंजाच्या डागांना ब्लीच लावणारेही खूप आहेत आणि ते तर उलटंच काम होतं. पाण्यातलं विरघळलेलं लोह दिसत नाही, हवा लागली की त्याचा तांबडा गंज होतो. तुमच्या पाण्यात ते आहे का बघायचं तर पांढऱ्या बादलीत ताजं बोअरचं पाणी रात्रभर ठेवा, सकाळी तळाला तांबूस गाळ दिसला तर आहे. जे काम हवा हळूहळू करते तेच ब्लीच पटकन करतं, म्हणून ब्लीच मारल्यावर डाग आणखी गडद होतो. गंजाला हलका असेल तर लिंबूसत्वाच्या कोमट पट्ट्याच पुरतात. जुना असेल तर ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर, केमिकलच्या किंवा रंगाच्या दुकानात मिळते, तिची पाण्यात पेस्ट करून पंधरा-वीस मिनिटं लावायची आणि भरपूर पाण्याने धुवायची. दोन गोष्टी सांभाळा. एक, डागात चुना पण असेल तर तो आधी लिंबूसत्वाने काढून स्वच्छ धुवा, नाहीतर ऑक्झॅलिक चुन्याबरोबर मिळून पांढरा थर करतं जो आणखी चिवट. दुसरी, हे पोटात गेलं तर विष आहे आणि दिसायला साखरेसारखं दिसतं, तेव्हा स्वयंपाकघरातल्या रिकाम्या बरणीत अजिबात भरून ठेवू नका, ग्लोव्हज घाला, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.

गंज कुठून येतो तेही शोधा. आमच्या शेजाऱ्यांच्या बेसिनवर कायम एक तांबडा अर्धगोल असायचा, तो शेव्हिंग फोमच्या डब्याचा होता, डब्याचं बूड ओलं राहून गंजायचं. गच्चीवरच्या टाकीतली लोखंडी शिडी, जुना जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, कमोडचे खालचे बोल्ट हेही बघा. कोकणात जांभ्यातून येणाऱ्या विहिरीच्या पाण्यात लोह मुळातच असू शकतं, तिथे डाग नाही तर पाणीच गाळायला लागतं.

बेसिनमध्ये पेन्सिलने ओढल्यासारख्या करड्या-काळ्या रेघा दिसतात, त्या चरे नाहीत हो, घाबरू नका. स्टीलचा तांब्या, बादलीची कडी, अंगठी घासून धातू काचेवर उतरलेला असतो. ओल्या फडक्यावर दात घासायची साधी पांढरी पेस्ट नाहीतर खायचा सोडा घेऊन हलक्या हाताने फिरवा, जातात. कपातले चहाचे डाग तर सगळ्यात सोपे, ओल्या बोटावर खायचा सोडा घ्या आणि आतून फिरवा. फक्त सोनेरी काठाच्या कपांना काठावर काही लावू नका, काठ उडतो. कपाला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा असतील आणि चहा त्यात उतरला असेल तर तो पूर्ण निघेल असं मी सांगणार नाही, माझ्या आजेसासूबाईंच्या सेटमधले दोन कप तसेच आहेत, आम्ही ते आता शोकेसमध्ये ठेवलेत.

वज्री वापरू का असं कोणी कोणी विचारतं. पाय घासायचा दगड, धातूची नाही हं, दगडाची, तो पूर्ण भिजवून, कमोडच्या आतल्या पाण्याच्या कड्यावर, आम्लाने मऊ झालेल्या थरावर, हलक्या हाताने चालतो. पण तो माझ्या मते शेवटचा उपाय, आणि बेसिनवर, टाइल्सवर, टबवर बिलकुल नाही. कोरडा दगड घासलात तर चरे पडले म्हणून समजा. परदेशात राहणाऱ्यांच्या घरी लोखंडावर एनॅमल चढवलेले जुने टब असतात, त्यांना तर व्हिनेगर किंवा लिंबूसत्व रात्रभर ठेवूनही चालत नाही, चमक जाते, पाच-दहा मिनिटांत धुवून टाका.

चमक गेलेल्या जागेचं काय, हा माझाच प्रश्न होता. परत आणता येत नाही. जे करता येतं ते एवढंच की तिथे पाणी सुकू द्यायचं नाही आणि थर जाड होऊ द्यायचा नाही. मी दर शनिवारी रात्री दोन चमचे लिंबूसत्व कोरडंच कमोडमध्ये शिंपडते, ब्रशने वरपर्यंत फिरवते, सकाळी फ्लश. सेप्टिक टँक असलेल्या घरांनाही हे चालतं, उलट ब्लीच रोज ओतलं तर टाकीतले जिवाणू मरतात, ते जपून. बेसिन रात्री झोपताना जुन्या टॉवेलच्या तुकड्याने पुसते, अर्धा मिनिट लागतो, नळाखालचा डाग तेवढ्यानेच बंद झाला. सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र, बसवायचा का, तर अख्ख्या सोसायटीचा असेल तर विचार करा, एका फ्लॅटला नुसत्या डागांसाठी मी बसवला नसता. गिझर आणि वॉशिंग मशीनही सारखे बंद पडत असतील तर मग गोष्ट वेगळी.

आणि वॉशर. जड पाण्यात तो फार टिकत नाही, आमचा पहिला चार वर्षं चालला असावा. या वेळी बदलल्यावर मी फ्लश टँकच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख लिहून ठेवली आहे, आणि दर दिवाळीच्या साफसफाईत चमचाभर जिलेबीचा रंग टँकमध्ये पडतो. गेल्या दिवाळीत अर्ध्या तासाने बघितलं तर कमोडमधलं पाणी स्वच्छ होतं.